रकाना सात

प्रपत्र पिवळं आहे. सात रकाने.
पहिल्या सहांत आकडे बसतात
तरीत माणसं बसतात तसे, गुडघे जुळवून.
सातवा: लक्ष्य साध्य न झाल्यास कारण,
वीस शब्दांत.

जूनमध्ये मीच लिहिलं होतं,
एकवीसपैकी सतरा मुलं
हातच्याची वजाबाकी करतील,
मिनिटाला पंचेचाळीस शब्द वाचतील.
डिंगणकर गुरुजी म्हणाले, बाई, बारा लिहा.
बारा लिहायचे, चौदा दाखवायचे.
पूर्णगडच्या खाडीवर नोकरी करून
इतकं कळू नये?
ओहोटीला खूण करायची, भरतीला मोजायचं.
मी सतराच लिहिले.

झाले चौदा.
चौदांत झैद सोलकर आहे.
त्याला वजाबाकी मी शिकवली नाही.
जेटीवर मामाच्या पाट्या मोजता मोजता
तो ती ऑगस्टमध्येच घेऊन आला,
खिशात शिंपले आणावेत तशी.
माझ्या नावावर जमा आहे.

बिमला रोकाया नाही.
आंब्याच्या बागेतल्या राखणदाराची. नोव्हेंबरात आली
तेव्हा मराठीतला एकच शब्द यायचा: हाड.
कुठे ऐकला, मी विचारलं नाही.
एप्रिलमध्ये आंबेरकर साहेबांनी मोबाइलवर घड्याळ लावलं.
ती वाचत गेली, धड्यातल्या विहिरीपाशी थांबली,
मान वर करून म्हणाली, खोल किती?
घड्याळ चालूच होतं.
साहेब माणूस वाईट नाही,
त्यांच्याही वर एक प्रपत्र आहे, त्यात मी एक आकडा.
असेल चार पुरुष, म्हणाले,
आणि एकतीस लिहिलं.
जूनमध्ये बागा उतरल्या की ती जाईल.
विहीर घेऊन जाईल बहुतेक.

सातव्या रकान्यात काय भरायचं
ते ग्रुपवर तयार आलंय:
स्थलांतर. पालकांची उदासीनता. मतदारयाद्या.
खोटं त्यात काहीच नाही.
याद्यांचे बावीस दिवस मी स्वतः चालले आहे
भर उन्हात सड्यावरून, कुत्री चुकवत.
एवढं लिहून सही करता येते.

पण मंथन शिवलकर.
बावन्नातून अडतीस गेले, सव्वीस.
एक्काहत्तरातून पंचेचाळीस, चौतीस.
जुलैपासून तेच, आणि माझी लाल फुली.
दमट हवेत शाई फुटते,
त्याच्या वहीत फुल्या जास्वंदीएवढ्या झाल्या.
तो दाराशी बसतो. काही मागत नाही.
अशी मुलं वर्गाला बरी पडतात.

जानेवारीत एकदा कपाटाचं कुलूप
खाऱ्या वाऱ्यानं धरलं, उघडेना,
म्हणून पाच मिनिटं रिकामी सापडली.
विचारलं, सव्वीस कसे रे?
म्हणाला, बाई, तुम्हीच सांगितलंत
दोनातून आठ जात नाहीत.
मग मी आठातून दोन घालवले.

किती नीट ऐकलं होतं त्याने.
सहा महिने माझंच अर्धं वाक्य
प्रामाणिकपणे गिरवत होता,
एकदाही न चुकता
चुकत होता.

एप्रिलपर्यंत थोडं सुटलं, थोडं राहिलं.
थोड्याला रकाना नाही.

साडेपाच झाले.
सुरूच्या बनातून वाळूवर घसरत
कुणाची तरी सायकल घरी निघालीय.
मी पेन्सिलीनं लिहिते:
विचारायला उशीर झाला.
तीन शब्द.
विसातून तीन.
शून्यातून तीन जात नाहीत, असं ओठांवर येतं,
आणि मग जुलैत घाईत राहिलेलं पुढचं,
रिकाम्या बाकांना, मोठ्यानं:
म्हणून शेजारच्याकडे मागायचं.

प्रपत्राला पेन्सिल चालत नाही.
पेन शोधते आहे.